नाना खोटे बोलतच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण असे, की स्पर्धांचा हंगाम आला की कुठली ना कुठली हौशी संस्था विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक उभे करते, आणि बहुतेक वेळा त्यातला नाना, म्हणजे पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस, पहिल्याच एंट्रीला फसतो. डोळे बारीक, आवाजात मध, उपरण्याशी चाळा, वाक्य संपले की एक सूचक हसू. बावनखणीत, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीत, पाऊल टाकताच प्रेक्षकाला कळते की हा माणूस दगा देणार. मग पुढचे दोन तास त्याच्याशी व्यवहार करणारा परगावचा ब्राह्मण घाशीराम निव्वळ बावळट दिसतो, कारण जे शेवटच्या रांगेला दिसले ते त्याला कसे दिसले नाही, हा प्रश्न उरतो.

संहिता नीट वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. तेंडुलकरांचा नाना जवळपास कुठेच खोटे बोलत नाही. तो देतो म्हणतो ते देतो. त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही याचे कारण वेगळे आहे: दिलेल्या वस्तूची राखण तो करत नाही, आणि हे समोरच्याला वस्तू गेल्यावरच कळते.

पहिला व्यवहार कंठ्याचा. नाचता नाचता नानाचा पाय दुखावतो, घाशीराम तो पाय हातात घेतो, नाना खूश होऊन गळ्यातला कंठा देतो आणि निघून जातो. तो गेल्यावर बावनखणीतली नाचणारी गुलाबी आपल्या माणसांकरवी कंठा काढून घेते. या हिसकावण्यात नानाचा हात नाही आणि त्याला त्याची खबरही नाही. म्हणून कंठा देताना नटाने विचार करून, तोलून मापून देऊ नये. खिशातली सुपारी द्यावी तितक्या सहज द्यावा आणि चार मात्रांत बाहेर पडावे. इथे एक क्षुल्लक वाटणारी अडचण प्रयोग पाडते. कंठा डोक्यावरून काढायला गेले की पगडीत अडकतो, पगडी वाकडी होते आणि प्रेक्षागृह हसते. सहजपणा तिथेच संपला. कंठ्याला मानेमागे न लावता डाव्या बाजूला, उपरण्याखाली टिचबटण लावावे, म्हणजे एका हाताने ओढला की सुटतो. तालमीत साधी दोरी वापरून चालत नाही. वजन असलेलाच कंठा पहिल्या आठवड्यापासून गळ्यात हवा.

दुसरा व्यवहार कोतवालीचा, म्हणजे शहराच्या बंदोबस्ताच्या अधिकाराचा, आणि नाटकाचा खरा सांधा तोच. ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाते त्या गर्दीत चोरीचा आळ येऊन, मार खाऊन शहराबाहेर घालवलेला घाशीराम सूडापोटी स्वतःच्या मुलीचा, गौरीचा नानाशी सौदा करतो. बदल्यात कोतवालीचा हुकूम मागतो. नाना चिडतो, शिवी हासडतो आणि सही करतो. आता क्रम पाहा. घाशीरामला का नेमले हे नाना प्रेक्षकांना सांगतो ते सही झाल्यानंतर, घाशीराम गेल्यावर. त्या आधी एकही ‘बाजूला बोलणे’ त्याच्या तोंडी नाही. नाटककाराने हे पत्ते मुद्दाम झाकून ठेवले आहेत आणि नट ते भुवयांनी आधीच उघडे करतो. सहीच्या क्षणी नाना खरोखर कोंडीत सापडलेला दिसला पाहिजे. कोंडीतून वाट काढण्याची अक्कल त्याला सही झाल्यावर सुचली की आधीपासून होती, हे कळू न देणे हीच त्या भूमिकेची कसोटी.

आणि ते स्वगत! त्यावर हौशी रंगभूमीने सर्वाधिक अन्याय केला आहे. बहुतेक नट ते खलनायकाच्या कबुलीसारखे म्हणतात, मधे गडगडाटी हास्य टाकतात. आशय काय आहे? घाशीराम पुण्याबाहेरचा, त्याला पाठीराखे नाहीत. कारस्थानी पुणेकरांचा राग त्याच्यावर निघेल. आपण केलेलेही त्याच्या नावावर पडेल. पापे आपली, खाते त्याचे. हा हिशेब आहे, आणि बोलणारा माणूस पदाने फडणीस आहे. म्हणजे दप्तर आणि जमाखर्च पाहणारा. आवाज वर नेण्याचे कारणच नाही. रकमा वाचून दाखवाव्यात तसे एकेक कलम सांगावे, दोन कलमांमध्ये पूर्ण श्वास घ्यावा. हातवारे नकोत. तालमीत नटाला खरोखर एक वही देऊन प्रत्येक वाक्याला एक ओळ लिहायला लावावी. लिहिताना जी गती येते ती स्वगताची गती. हास्य काढून टाकले की प्रेक्षक स्वतःहून हसतात आणि लगेच गप्प होतात. ती शांतता हवी आहे.

आता भिंतीबद्दल. मूळ कल्पना बारा ब्राह्मणांच्या रांगेची आहे, जी कधी कोरस असते, कधी जमाव, कधी पाठमोरी होऊन पडदा. ही भिंत म्हणजे नृत्याची सजावट नव्हे. नानाचे सगळे व्यवहार तिच्या आड होतात आणि निस्तरायचे ते तिच्या समोर घडते. संस्था कलावंत मिळत नाहीत म्हणून आठांवर भागवतात. खांद्याला खांदा लावून माणूस साधारण दीड फूट जागा व्यापतो, म्हणजे बारांची भिंत अठरा फुटांची, आठांची बाराची. तीस फुटी मंचावर बारा फुटांची भिंत म्हणजे रुमाल वाळत घातल्यासारखी. दिग्दर्शक मग मुलांना हातभर अंतरावर उभे करतो, फटी पडतात आणि पाठीमागे पुढच्या प्रवेशाची तयारी करणारा नाना दिसतो. आठच मुले असतील तर अंतर वाढवू नका, खेळाची जागा लहान करा. विंगा आत ओढून किंवा प्रकाश आवळून मधली चौदा फूट जागा वापरा. दुसरे, भिंत मोडताना मधल्या दोघांनी आधी सरकायचे, टोकांनी नाही. टोके आधी हलली की डोळा विंगेकडे जातो.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, मोहन आगाशे नाना आणि रमेश टिळेकर घाशीराम असा हा प्रयोग झाला. एकोणीस प्रयोगांनंतर तो थांबवला गेला आणि १९७४ च्या जानेवारीत थिएटर अ‍ॅकॅडमीने पुन्हा सुरू केला. नानांची बदनामी झाली, हा तेव्हाचा आक्षेप. इतिहासातला घाशीराम सावळदास १७७७ ते १७९१ कोतवाल होता, हे खरे. पण हे ऐतिहासिक नाटक नाही, असे तेंडुलकरांनी स्वतःच सांगितले होते. गंमत अशी, की आक्षेप घेणारे आणि आज नानाला खलनायक करणारे नट, दोघेही नाटकात एक वाईट माणूस शोधतात. नाना बदलून दुसरा बसवला तरी त्या रांगेच्या आडोशाला हेच व्यवहार चालले असते, असे मला तरी संहितेवरून वाटते.

तिसरा व्यवहार मृत्यूच्या हुकुमाचा. कोतवाल घाशीरामच्या जुलमाने चिडलेला जमाव वाड्याबाहेर ओरडतो आहे, नाना फार खळखळ न करता घाशीराम देऊन टाकतो. कंठा दिला होता तसाच. दोन्ही वेळी हाताची हालचाल तीच ठेवावी, उजवा हात, तळवा खाली. चाणाक्ष प्रेक्षकाला पुरते. मधे पश्चात्तापाचा पॉज घालण्याचा मोह होतो. तो घातला की नानाला अंतःकरण फुटते आणि मागचे स्वगत खोटे पडते.

नंतर प्रेतासमोरचे भाषण. हे पुणेकरांना उद्देशून आहे, म्हणजे थेट प्रेक्षागृहाला. इथे प्रेक्षागृहातले दिवे तिसऱ्या हिश्श्याने वर आणले तर नानाला समोर चेहरे दिसतात आणि तो आपोआप पुढाऱ्यासारखा बोलू लागतो. त्याला शिकवावे लागत नाही. प्रेताकडे त्याने पाहू नये. तीन दिवसांच्या उत्सवाचा हुकूम सांगून झाला की झांजा लगेच सुरू करायच्या, टाळ्यांसाठी थांबायचे नाही.

आपला,
एक तालीम मास्तर, सांगली