मंत्रिमहोदय, वसतिगृहाचं कुलूप काढा

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी संध्याकाळी माझ्या मुलीचा डावा हात मनगटात मोडला. ती एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. तिला अजून तिथूनच डिग्री घ्यायची आहे.

एस.टी. फाट्यावर थांबते. फाट्यापासून विद्यापीठाची कमान पावणेतीन किलोमीटर. मधे माळ, एक ओढा, आणि खांब असूनही एक दिवा लागत नाही. प्रॅक्टिकल सुटायला साडेपाच होतात आणि सहा-वीसची गाडी चुकली तर पुढची थेट आठला, म्हणून पोरी निम्मी वाट पळतच येतात. सध्या उसाचा सीझन आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागून आला, ही बाजूला सरकली ती थेट चारीत पडली. गुरुवारी तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती. डाव्या हाताच्या चिमटीत देठ धरायचा आणि उजव्या हाताने ब्लेडचा पातळ काप काढायचा, असं ते काम असतं. प्लास्टरमधल्या हाताने देठ कसा धरणार? आता पुढच्या सत्रात या, असं विभागात सांगितलं. म्हणजे सहा महिने गेले.

अपघात कुणाच्याही पोरीला होतो, असं तुम्ही म्हणाल. पण कमानीतून आत गेलं की डाव्या हाताला मुलींच्या वसतिगृहाची तीन मजली नवी इमारत आहे. रंग दिलेला, नळ बसवलेले. मी स्वतः खिडकीला तोंड लावून आत पाहिलं. लोखंडी कॉट एकावर एक रचून ठेवलेत, गाद्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. दाराला कुलूप. त्याला दीड वर्ष झालं. माझी मुलगी एम.एस्सी.ला आली तेव्हापासून ती इमारत तशीच आहे. ते दार उघडलं असतं तर मंगळवारी संध्याकाळी ती त्या रस्त्यावर नसती.

पायाभरणीच्या दिवशी मी त्या मांडवात होते. आम्हा अंगणवाडीच्या बायकांना गर्दीसाठी बोलावलं होतं, हेही लिहूनच टाकते. आईबापांनी आता निश्चिंत राहावं, असं व्यासपीठावरून सांगितलं गेलं. निश्चिंत हा शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तेव्हापासून मी सात वेळा चौकशीला गेले. ट्रान्सफॉर्मर बसायचाय, गृहपालाचं पद मंजूर व्हायचंय, असं काही ना काही सांगतात. गेल्या महिन्यात एका भल्या माणसाने खरं काय ते सांगितलं. बाकी सगळं झालंय, उद्घाटनाला तारीख मिळत नाही.

साहेब, फीत कापायला तुम्हाला वेळ नाही म्हणून माझ्या पोरीचा हात मोडला. हे असंच लिहावं लागतंय, मला दुसरं सुचत नाही.

मुलगी तालुक्याला चौघींत एका खोलीत राहते. डोईला अठराशे भाडं, डबा वेगळा. अनामत भरायला मी माझी पोत पतसंस्थेत ठेवली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं, हे आम्हाला शाळेत शिकवलं. त्यांच्याजवळ सरकार नव्हतं. आमच्याजवळ सरकार आहे, इमारत आहे, तरी पोत गहाण पडली ती पडलीच. मी स्वतः १९९४ साली दहावीला अडुसष्ट टक्के मिळवले होते. तालुक्याला जायला गाडी नव्हती, पुढच्या वर्षी लग्न झालं. बावीस वर्षं लोकांची पोरं अंगणवाडीत सांभाळते. तीस वर्षांनी पोरीच्या वाटेतही गाडीच आडवी येते, याचं मला रात्री झोपेतसुद्धा वाईट वाटतं.

मुलींसाठी योजना नाहीत असं मी म्हणत नाही. बारावीपर्यंत तिला अहिल्यादेवी होळकर योजनेतून एस.टी.चा पास मोफत होता. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. पण गाडी फाट्याच्या आत येतच नसेल तर त्या पावणेतीन किलोमीटरला कुठली सवलत लावायची? २०२४ च्या जुलैत मुलींच्या शिक्षणाची फी माफ केल्याचा निर्णय निघाला आणि गावात सगळे मला म्हणाले, सुटलीस बाई. तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा. साधी एम.एस्सी. करणारी मुलगी त्यात बसत नाही. मग मुलींना शिक्षण मोफत, असं सगळीकडे बोर्डावर का लिहिता?

आणि आत तरी काय आहे? तिच्या विभागात कायमचे प्राध्यापक एक. बाकीचे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळणारे. त्यातले एक सर प्राध्यापक व्हायला लागणारी नेट-सेट परीक्षा पास झालेले, सुट्टीत भावाच्या कृषी सेवा केंद्रात बसतात, कारण मानधन सहा-सहा महिने येत नाही. विद्यापीठाचा दर्जा तपासणारी नॅकची समिती यायची होती तेव्हा आठ दिवसांत रस्त्यावर दिवे लागले, कुंड्या आल्या. समिती गेली, दिवे गेले. दिवे लावता येतात हे त्या आठवड्यात सगळ्यांनी पाहिलं. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तेच सहा टक्के लिहिलेत. माझ्या जन्माच्या आधीचा आकडा माझी मुलगी पुन्हा वाचते आहे. मुंबई-पुण्यात पोरांना पाठवणाऱ्यांचं भागतं. ज्यांना घराजवळचं विद्यापीठ एवढा एकच रस्ता आहे, त्यांच्यासाठी विद्यापीठ काढलं आणि माळावर सोडून दिलं.

माझं मागणं मोठं नाही. समारंभ नको, मांडव नको. एक फोन करा आणि कुलूप काढायला लावा. गृहपाल मिळेपर्यंत आम्ही आया पाळीपाळीने रात्री तिथे झोपू, तसं अकरा जणींच्या सह्यांचं पत्र मी कुलसचिवांच्या कार्यालयात देऊन पोच घेतली आहे. साडेपाचनंतरची एक गाडी कमानीपर्यंत आणा. आणि अपघाताचा दाखला जोडलेल्या मुलीची प्रॅक्टिकल याच सत्रात घ्या.

प्लास्टर महिनाअखेरीस काढणार आहेत. त्यानंतर ती पुन्हा त्याच रस्त्याने जाणार आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका