नवा सर्व्हर घेण्याआधी खतावणी बघा

संपादक महोदय,

गेल्या सोमवारी जुन्या पावतीची नक्कल काढायला एका कार्यालयात गेले होते. पाऊण तास रांगेत. नंबर आला की खिडकीतल्या बाई प्रत्येकाला तेच सांगत, 'सर्व्हर स्लो आहे, जरा दम धरा.' मागचे काका म्हणाले, 'आता नवीन मशीन येणार आहे म्हणे.' म्हणून हे पत्र.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळते. एका पार्टीची बाकी काढायला आमच्याकडेही चाळीस सेकंद लागायचे. मालकांनी नव्या सर्व्हरचं कोटेशनही मागवलं होतं. मी पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये 'एक्सप्लेन' (शोध कसा चालतो ते दाखवणारी आज्ञा) लावून पाहिलं, तर एका पार्टीपायी २२ लाख नोंदींचं अख्खं टेबल पहिल्या ओळीपासून वाचलं जात होतं. दर वेळी!

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी होते. घरी तेलुगू, वहीत मराठी. कुणाची बाकी विचारली तर त्यांनी कधी रोजकीर्द, म्हणजे तारीखवार नोंदींची वही, चाळली नाही. खतावणीत प्रत्येक पार्टीचं वेगळं पान असतं, त्यातलं त्याचं पान काढायचे, झालं. डेटाबेसमधला इंडेक्स म्हणजे ही खतावणी. पार्टी आणि तारीख मिळून एक इंडेक्स घातला आणि बाकी बोट उचलायच्या आत येऊ लागली. अर्थात खतावणी वाढवली की रोजची नोंद तिच्यातही चढवावी लागते, म्हणून दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स घालू नये.

एक रिपोर्ट मात्र हलेना. त्यात प्रत्येक तारखेतून वर्ष काढून ते २०२४ शी ताडलं होतं, त्यामुळे तारखेवरचा इंडेक्स असून नसल्यासारखा. '१ जानेवारी २०२४ पासून, १ जानेवारी २०२५ च्या आत' असं लिहिलं आणि तोही सुटला.

सगळ्या पार्ट्यांच्या एकूण येण्याला इंडेक्सचा उपयोग नाही, तिथे सगळंच वाचावं लागतं. पण ते दिवसातून पन्नासदा कशाला? वडील तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांचा एकत्र गोषवारा, काढून ठेवायचे. पोस्टग्रेसमध्ये २०१३ पासून त्यासाठी मटेरिअलाइज्ड व्ह्यू, म्हणजे एकदा काढून साठवलेलं उत्तर, आहे. आम्ही तो रोज रात्री ताजा करतो आणि रिपोर्टवर 'काल रात्रीपर्यंत' असं छापतो.

त्या कार्यालयाने निविदा काढण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याकडून त्या एका शोधाचा एक्सप्लेन तेवढा मागवावा. कागदाचं एक पान असतं. माझी नक्कल अजून मिळालेली नाही, उद्या पुन्हा रांगेत आहे.

– एक वाचक, सोलापूर