मित्रास पत्र : पाळी चुकण्याआधीचे आठवडे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू आणि वहिनी मूल होऊ देण्याच्या विचारात आहात हे वाचून आनंद झाला. गर्भात नेमकं काय आणि केव्हा घडतं, ते एकदा नीट लिही म्हणालास. शाळेत तो धडा सगळीकडेच घाईत उरकतात, त्यामुळे तुझं विचारणं रास्त आहे. पण आधीच सांगतो, माझा बहुतेक भर पहिल्या आठ आठवड्यांवर असणार. पोट दिसू लागतं, बाळ लाथा मारतं, ते सगळं पुढचं. अवयव घडण्याचं काम त्याच्या कितीतरी आधी, पुष्कळदा घरात कुणाला पत्ताही नसताना उरकत आलेलं असतं.

सुरुवात तुझ्यापासून. पुरुष हा सगळा विषय बायकोवर सोपवून मोकळे होतात, ते मला पटत नाही. वृषणात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७० दिवस लागतात, आणि पुढे पक्व होऊन पोहायला शिकायला आणखी एक-दोन आठवडे. म्हणजे सिगारेट आज सोडलीस तर फरक दिसायला तीन महिने जातील. वृषणाचं तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असावं लागतं. मोठा ताप येऊन गेला की पुढचे दोन-तीन महिने संख्या घसरू शकते, तेव्हाचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट बघून खचायचं नाही, काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा मानतात. ऐकायला आकडा प्रचंड वाटतो, पण गर्भनलिकेत अंड्याजवळ पोचतात ते जेमतेम काही शे.

स्त्रीचं गणित उलटं. मुलगी जन्मते तीच १० ते २० लाख कच्ची अंडी घेऊन. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात, आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती सुमारे ४००. नवीन अंडं तयार होत नाही. आईच्या पोटात असतानाच या पेशींचं विभाजन सुरू होऊन अर्ध्यावर थांबलेलं असतं, आणि पुढचं पाऊल पडतं ते त्या महिन्यात अंडं सुटताना. पस्तिशीच्या बाईचं अंडं पस्तीस वर्षांहून जास्त काळ तसंच थांबलेलं असतं. म्हणून वय वाढलं की गुणसूत्रांची वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. डाउन सिंड्रोमचं (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणाऱ्या जन्मजात दोषाचं) प्रमाण आईच्या पंचविशीत साधारण १२५० बाळांत एक, पस्तिशीत ३५० त एक आणि चाळिशीत १०० त एक असतं.

आता दिवसांचा हिशेब, कारण इथेच बहुतेक जोडपी चुकतात. अंडं पाळीच्या 'चौदाव्या दिवशी' सुटतं, हे सरसकट खरं नाही. अंडं सुटतं ते *पुढच्या* पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी. पाळी २८ दिवसांची असेल तर चौदावा दिवस बरोबर, पण ३५ दिवसांची असेल तर एकविसावा. सुटलेलं अंडं १२ ते २४ तास टिकतं आणि शुक्राणू पाच दिवसांपर्यंत, त्यामुळे गर्भ राहू शकेल असे दिवस सहाच : अंडं सुटण्याचा आणि त्याआधीचे पाच. दर दोन-तीन दिवसांनी संबंध आला तरी पुरतं, घड्याळ लावून जगायची गरज नाही. सगळं जमलं तरी एका महिन्यात यश येण्याची शक्यता २०–२५ टक्केच असते. वर्षभरात १०० पैकी ८० हून जास्त जोडप्यांना गर्भ राहतो. त्याआधी घाबरायचं नाही. मात्र वहिनींचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच डॉक्टरांकडे जा, आणि जाताना दोघं जा. सर्वांत सोपी तपासणी वीर्याची असते, तरी ती सगळ्यात शेवटी होते, याला अहंकाराखेरीज कारण नाही.

फलन गर्भाशयात होत नाही, गर्भनलिकेच्या बाहेरच्या टोकाकडच्या रुंद भागात होतं. एक शुक्राणू आत शिरला की अंड्याचं कवच बदलतं आणि बाकीच्यांना दार बंद होतं. चुकून दोन शिरले तर ४६ ऐवजी ६९ गुणसूत्रं होतात आणि असा गर्भ जवळजवळ कधीच तगत नाही. मुलगा की मुलगी हेही त्याच क्षणी ठरतं, आणि ते ठरवतो शुक्राणू. अंड्यात नेहमी एक्सच असतो, शुक्राणूत एक्स किंवा वाय. कुठल्याही आहाराने वा औषधाने ते बदलत नाही.

पहिलं विभाजन व्हायला जवळपास एक दिवस लागतो. तिसऱ्या दिवशी सुमारे आठ पेशी, पाचव्या दिवशी शंभरच्या आसपास पेशींचा पोकळ गोळा. त्यातला आतला पुंजका बाळ होतो, बाहेरच्या थरापासून वार, म्हणजे बाळाला आईशी जोडणारा अवयव, तयार होतो. सहाव्या-सातव्या दिवशी तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. जुन्या संसर्गाने नलिका आतून चिकटली असेल तर तो वाटेतच अडकून तिथे रुजतो. शंभरात एक-दोन गर्भ असे असतात. पाळी चुकल्यावर ओटीपोटात एका बाजूला कळ, थोडा रक्तस्राव, चक्कर, खांद्यात दुखणं, यांतलं काही दिसलं तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं. नलिका फुटली तर आतल्या आत रक्त जातं. तो गर्भ उचलून गर्भाशयात ठेवता येत नाही, हे लोकांना पटायला फार जड जातं.

रुजलेला गर्भ एचसीजी हे संप्रेरक सोडतो, त्यामुळे पाळी थांबते. घरच्या तपासणीत तेच दिसतं. पाळी चुकायच्या आधी केलेली चाचणी खोटी 'नाही' देऊ शकते. सकाळच्या पहिल्या लघवीवर करा आणि शंका असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा.

डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे गर्भ नव्हताच तेव्हापासून. 'सहा आठवडे झाले' म्हणजे गर्भाचं खरं वय चार. बाळंतपणाची तारीख काढायची ती त्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवून : १० जानेवारीची पाळी असेल तर १७ ऑक्टोबर. पाळी २८ हून जास्त दिवसांची असेल तर तेवढे दिवस पुढे. पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीत गर्भाच्या लांबीवरून ही तारीख पक्की करतात. यापुढे मी लिहितो ते आठवडे मात्र गर्भाच्या खऱ्या वयाचे.

तिसऱ्या आठवड्यात गर्भाचे तीन थर होतात. वरच्यातून त्वचा, मेंदू आणि मज्जातंतू, मधल्यातून हाडं, स्नायू, हृदय आणि मूत्रपिंडं, खालच्यातून आतड्यांचं अस्तर, फुप्फुसं आणि यकृत. वरच्या थराचा पाठीकडचा पट्टा दोन्ही कडांनी उचलला जातो आणि त्याची नळी होते. ती मधून मिटत जाते, डोक्याकडचं तोंड पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होतं आणि खालचं अठ्ठाविसाव्या. वरचं उघडं राहिलं तर मेंदू घडत नाही, खालचं राहिलं तर मणका उघडा राहतो. आता हिशेब कर : अठ्ठाविसावा दिवस म्हणजे पाळी चुकून फक्त दोन आठवडे. चाचणी करून, डॉक्टरांची वेळ घेऊन, मग फॉलिक ॲसिड सुरू केलं तर नळी एव्हाना मिटलेली तरी असते किंवा मिटायची राहिलेली तरी. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून घ्यायची, आणि पाळीपासून बारा आठवडे होईपर्यंत चालू ठेवायची. आधीच्या बाळात असा दोष असेल किंवा आई फिटची औषधं घेत असेल तर मात्रा कितीतरी जास्त लागते, ती डॉक्टरांनीच ठरवायची. फिटची औषधं मनाने बंद करायची नाहीत, तो धोका वेगळाच.

बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदय धडधडू लागतं, तेव्हा ती नुसती वळलेली नळी असते, कप्पे नंतर पडतात. चौथ्या आठवड्यात हातांचे कोंब येतात, पायांचे एक-दोन दिवस मागून. बोटं फुटून येत नाहीत. आधी तळहाताचं चपटं वल्हं होतं आणि मधल्या पेशी मरून बोटं सुटी होतात. त्या मेल्या नाहीत तर बोटं जोडलेली राहतात. आतडी पोटात मावत नाहीत म्हणून सहाव्या आठवड्यात नाळेत शिरतात आणि दहाव्याच्या सुमारास वळसा घेत परत येतात. आठवा आठवडा संपताना गर्भ अवघा तीन सेंटिमीटरचा असतो, पण बहुतेक अवयवांची मांडणी झालेली असते.

म्हणूनच याच काळात औषधं सर्वांत जास्त नडतात. थॅलिडोमाइड हे गरोदरपणातल्या मळमळीवरही दिलं जाणारं औषध १९५७ मध्ये बाजारात आलं आणि १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं, तोवर हजारो बाळं अपुऱ्या हातापायांची जन्मली. फलनानंतरच्या साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांमधली एखाददुसरी गोळीही पुरत होती. पहिल्या दोन आठवड्यांत मात्र बहुधा एक तर गर्भ जातो, नाही तर पूर्ण सावरतो. दारूची सुरक्षित मात्रा ठाऊक नाही, म्हणून शून्य.

गर्भ गेलाच, तर एक लक्षात ठेव. कळलेल्या गर्भांपैकी शंभरात दहा ते वीस जातात, बहुतेक पाळीपासूनच्या पहिल्या बारा आठवड्यांत, आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या चुकीने. जिने चढल्याने किंवा घरकाम केल्याने नव्हे. कुणी वहिनींना तसं बोललं तर तू मधे पड.

पुढचं भराभर सांगतो. वारेत आईचं आणि बाळाचं रक्त मिसळत नाही, पातळ पडद्यातून देवाणघेवाण होते. प्राणवायू, साखर आणि आईची प्रतिपिंडं जातात, तसंच दारू आणि निकोटिनही. पूर्ण दिवसांची वार अर्धा किलोच्या आसपास भरते. गर्भजल उत्तरार्धात मुख्यतः बाळाची लघवी असते. बाळ ते गिळतं, पुन्हा सोडतं. ते फार कमी असेल तर फुप्फुसं वाढत नाहीत. पहिलटकरणीला हालचाल पाळीपासूनच्या अठरा-वीस आठवड्यांत जाणवते, आणि आतल्या रचनेची बारकाईची सोनोग्राफी त्याच सुमारास करतात. फुप्फुसं चिकटू न देणारा द्रव पुरेसा व्हायला पाळीपासून चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. त्याआधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, ती बाळाच्या फुप्फुसांसाठी असतात, तेव्हा नाव ऐकून अडवू नका. जन्मल्यावर पहिल्या श्वासाने फुप्फुसांकडे रक्त वाहू लागतं आणि हृदयातला आडमार्ग मिटतो. बाळ नीट रडत असेल तर नाळ किमान एक मिनिट थांबून कापायला सांगा. तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त बाळाला मिळतं आणि पुढे लोह कमी पडण्याची शक्यता घटते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय

ता. क. गर्भ राहण्याआधी वहिनींची रुबेलाची (जर्मन गोवराची) प्रतिकारशक्ती तपासून घ्या. लस लागली तर ती घेतल्यावर महिनाभर थांबावं लागतं, आणि गर्भ राहिल्यावर ती देता येत नाही. त्याच वेळी थायरॉइड आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखरही बघा. साखर चढलेली असेल तर आधी आटोक्यात आणा, मग पुढचं.