टॉवेलचा हत्ती

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे सगळं सांगून होत नाही, मी जागी असते तेव्हा तू तुझ्या जहाजावर ड्युटीवर आणि तू मोकळा होतोस तेव्हा मी झोपलेली, म्हणून लिहितेय, पोर्टला वायफाय मिळालं की सावकाश वाच. ताईकडून परत येऊन चार दिवस झाले तरी जेटलॅग आहेच, पहाटे तीनला टक्क जागी असते.

ताईने मायामीहून 'आयकॉन ऑफ द सीज' या क्रूझ जहाजाचं सात रात्रींचं बुकिंग केलं होतं हे तुला माहीत होतंच. तू म्हणाला होतास आई खूप मोठं जहाज आहे, पण किती मोठं ते बंदरात समोर उभी राहिले तेव्हा कळलं. 365 मीटर लांब, म्हणजे आपल्या पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षाही लांब, आणि 20 डेक. 2,48,663 ग्रॉस टन म्हणे, आणि ग्रॉस टन म्हणजे वजन नाही, आतल्या जागेचं माप, हे तू मला पूर्वी समजावलं होतंस ते मी जावईबापूंना सांगितलं, त्यांना माहीत नव्हतं. जहाज पूर्ण भरलं तर 7,600 प्रवासी आणि वर 2,350 क्रू, एवढी माणसं एका जागी आपण फक्त जत्रेत बघितलीत.

मुलांची तर चंगळ होती. सर्फसाइड म्हणून एक अख्खा भाग लहान मुलं असलेल्या कुटुंबांसाठीच आहे, तिथे छोट्यांना पाण्यात खेळायची जागा, मेरी-गो-राउंड आणि बाजूलाच जेवण, त्यामुळे पोरांना एकीकडे आणि आईबापांना दुसरीकडे असं धावावं लागत नाही, हे ज्याने कोणी ठरवलं त्याच्या घरात लहान मूल असणार बघ. मोठा नातू वॉटर स्लाइडवरून खालीच येईना, सहा स्लाइड आहेत आणि काहींना उंचीची अट, रोज सकाळी मापाच्या पट्टीजवळ टाचा उंच करून उभा राहायचा. छकुली तीन वर्षांची झालीय म्हणून तिला मुलांच्या क्लबमध्ये घेतलं, त्याआधीची मुलं त्या गटात घेत नाहीत. मला स्वतःला सेंट्रल पार्क आवडलं. जहाजाच्या मधोमध वर उघडं आकाश आणि खरीखुरी झाडं, हजारोंनी, मी पानाला हात लावून बघितलं. आणि पुढच्या टोकाला काचेचा मोठा घुमट आहे, संध्याकाळी तिथे उंचावरून पाण्यात उड्या मारायचा शो असतो, पण सकाळी कोणी नसतं, मी चहा घेऊन तिथेच बसायचे, समोर नुसता समुद्र.

पाण्याचं ऐकून मी थक्क झाले. बहुतेक सगळं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासून जहाजावरच बनवतात. मे महिन्यात आपल्या विहिरीचा तळ दिसतो तेव्हा मी हंडे मोजून भरते, आणि इथे भर समुद्रात शॉवर सोडून उभी होते, मला नळ बंद केल्याशिवाय राहवेना.

मला बोट लागेल म्हणून ताईने मधल्या भागातली खालच्या डेकवरची केबिन घेतली होती, तू सांगितल्याप्रमाणे. एक रात्र वारा होता तेव्हा पडदा जरासा हलला तेवढंच, आलेपाक तसाच परत आणला.

आता जे सांगायला बसले ते. पहिल्या दिवशी आम्ही मोबाईलवर सेफ्टीचा व्हिडिओ बघितला आणि आपापल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायच्या जागी, जाऊन हजेरी लावून आलो, सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. बाकीच्यांना कधी एकदा पूलवर जातो असं झालेलं, पण मी तिथे उभ्या असलेल्या क्रूच्या पोरांकडे बघत होते. इशारा झाला तर आम्ही लाइफबोटीत बसायचं आणि ही पोरं आधी आम्हाला बसवणार. तू पण त्यातलाच. हे तू मला कधी सांगितलं नाहीस, आणि मी कधी विचारलंही नाही.

आमच्या केबिनला जो मुलगा यायचा तो चिपळूणच्या बाजूचा निघाला. छातीवरच्या बिल्ल्यावर इंडिया बघून मी मराठीत विचारलं तर क्षणभर बघतच राहिला, मग म्हणाला, काकू, तुम्ही कुठच्या? त्याच्या वाट्याला किती खोल्या, किती पायऱ्या, सुट्टीचा वार नाही, कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत महिनोन् महिने रोज काम, आणि तरी चेहरा हसरा. क्रूच्या दारातून एकदा आत नजर गेली तर तो लांबलचक पॅसेज दिसला, तुम्ही लोक ज्याला आय-95 म्हणता. तू रोज असाच एका दारातून आत जात असशील असं वाटलं आणि घशात काहीतरी अडकलं. शेवटी शेवटी मी सकाळी उठून आमच्या चादरी स्वतःच घडी घालून ठेवायला लागले, तो नको नको म्हणायचा.

तू जहाजावर लागणारे ते सुरक्षेचे एसटीसीडब्ल्यूचे कोर्स करून सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, काढलंस तेव्हा मी तुला म्हणाले होते, एवढं हॉटेल मॅनेजमेंट शिकून लोकांच्या चादरी बदलायला जाणार का. तू काही बोलला नाहीस, नुसती बॅग भरत राहिलास. ते वाक्य मी परत घेते बाळा. वाड्यात कोणी विचारलं तर मी आजपर्यंत 'शिपवर असतो' एवढंच सांगायचे, काय काम ते सांगायचे नाही. काल शेजारच्या काकूंना सगळं नीट सांगितलं, केबिन स्टुअर्ड म्हणजे काय ते, अर्धा तास.

गणपतीला तू नसणारस हे पण कळलं मला, ताई बोलली. तुझ्या वाटणीचे मोदक मी त्या चिपळूणच्या मुलाच्या घरी देऊन येईन, त्याच्या आईचा नंबर घेतलाय.

एक काम आहे. एका संध्याकाळी त्या मुलाने पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता, तेव्हापासून नातवाने माझ्याकडून कबूल करून घेतलंय की आजी शिकून व्हिडिओ कॉलवर करून दाखवणार. रोज बसते, कान जमले, सोंड काही उभी राहत नाही. टॉवेल आधी दोन्हीकडून गुंडाळायचा की एका बाजूनेच, तेवढं कळव.

तुझी,
आई