मागील दारच्या खोलीविषयी

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला आराखडा आईने आणि मी दोन रात्री समोर ठेवून पाहिला. आजीसाठी मागील बाजूस खोली आणि लागून न्हाणीघर हवे, यात वाद नाही. रात्री परसू ओलांडणे आता तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. माझा आक्षेप एवढाच, की तू नवे छप्पर जुन्या पाख्याला भिडवले आहेस. दोन पाखी मिळतात तिथल्या पन्हळीत दोन्हींचे पाणी उतरणार, आणि वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या रत्नागिरीत त्या पन्हळीत फणसाची चार पाने अडकली, तरी पाणी थेट सागवानी वाशांच्या टोकांत मुरेल. त्यापेक्षा खोली चार फूट दूर सरकव आणि मागील दारासमोर, जुन्या वळचणीखाली शिरेल अशी ठेंगणी, सपाट स्लॅबची बोळकंडी ठेव.

तिथेही नवे चिरे जुन्या भिंतीत गुंतवू नयेत. जुने जोते शंभर वर्षांत बसायचे तेवढे बसले आहे. नवा पाया पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत थोडा खचेलच, आणि सांधा पक्का असला की तडा जुन्या भिंतीला जातो. मध्ये दोन बोटांची फट सोडून ती वरून पत्र्याने झाकावी.

तुझ्या जन्माच्या वर्षी मी हौसेने माजघराला सिमेंटचा गिलावा करून घेतला. आपल्या भिंतींचा जांभा दगड सच्छिद्र, जमिनीतली ओल वर ओढणारा. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडून सुकत असे. सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून आज श्रावणात भिंतीला पोपडे धरतात. दोष गवंड्याचा नव्हे. त्याने मला दोनदा विचारले होते. तेव्हा बोळकंडीतल्या जुन्या भिंतीला चुनाच लावायचा. नव्या खोलीत सिमेंट खुशाल वापर.

ओटीवरच्या कोरीव खांबांची नक्कल तू केली नाहीस, हे मला फार आवडले. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेत नव्या भागावर आपल्या काळाची मुद्रा असावी असे म्हटले आहे. ते स्मारकांसाठी असले, तरी आपल्या घरालाही लागू पडते. आत्याला तुझे लोखंडी खांब कारखान्यातले वाटतील. वाटू देत.

बोळकंडीला पायरी मात्र नको; जमीन पडवीच्या पातळीतच ठेव. खोदाई दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर सुरू करू. त्याआधी येऊन मापे पुन्हा घे, कारण मागची भिंत काटकोनात नाही.

तुझे,
बाबा