लॉडरहून हर्णैला

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे, त्या जॉन विल्सन यांच्या गावी जाऊन आले. स्कॉटलंडमधलं हे लॉडर एडिनबरापासून फार लांब नाही. गाव लहान, भोवती मेंढ्यांची कुरणं. तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरी १८०४ साली त्यांचा जन्म झाला. एडिनबरा विद्यापीठात शिकून ते पाद्री झाले आणि १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेटसह मुंबईत उतरले. वय अवघं चोवीस.

आणि मराठी शिकायला दोघं कुठे गेली? आपल्या हर्णै-बाणकोटला! स्कॉटिश मिशनरी तिथे आधीपासून होते. दापोलीत लहानाची मोठी झाले, पण हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

आई, मार्गारेटबद्दल वाचताना तुझी फार आठवण आली. मराठी शिकून तिने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, तेही सावित्रीबाईंच्या शाळेच्या जवळजवळ वीस वर्षं आधी. १८३५ मध्ये ती गेली. मग तिच्या दोघी बहिणी इथून तिकडे गेल्या आणि त्यांनी ते काम पुढे चालवलं. कॉलेजवर विल्सन हे नाव आहे, पण मला ती जास्त जवळची वाटते.

बाबा, विल्सन धर्मांतरासाठीच आले होते, हे मी विसरत नाही. १८३९ मध्ये आपल्या शाळेतल्या पारशी विद्यार्थ्यांना बाप्तिस्मा दिल्यावर प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी भराभर मुलं काढून घेतली. त्या आईबापांची बाजू मला पटते. पण याच माणसाने गुजराती, फारसी, संस्कृत शिकून घेतली. गिरनारच्या अशोकलेखाची नक्कल ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेपपर्यंत पोचली तीही त्यांच्याच खटपटीने. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८७० मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चने त्यांना सर्वोच्च मान दिला, तेव्हा ते इकडे आले. तो मान घेऊन पुन्हा मुंबईलाच परतले आणि १८७५ मध्ये तिथेच वारले. शिकवण्यावर इतकी निष्ठा असलेल्या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

बाबा, एक काम कराल? हर्णैला मिशनची शाळा नेमकी कुठे होती, ते तिथल्या जुन्या लोकांना विचारून ठेवा. उन्हात मात्र जाऊ नका, रिक्षा करा. मे महिन्यात मी आले की तिघं मिळून जाऊ.

तुमची,
लेक