तुला वाचवणारी माणसं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा पुन्हा कोणीतरी तुला 'चमत्काराने वाचलेली पोर' म्हणालं आणि तू फोनवर विचारलंस, "आई, खरंच तसं होतं का गं?" तेव्हा मी विषय पुढे ढकलला, कारण ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही. आता तू अठरा पूर्ण केलीस. तुझी हॉस्पिटलची फाइल मी तुझ्याकडे द्यायची ठरवली आहे. फाइलमध्ये जे नाही, ते या पत्रात लिहिते.

लोक प्रेमानेच बोलतात, पण मला ते पटत नाही. तू वाचलीस ती माणसांनी तुला वाचवलं म्हणून. त्यातली काही माझ्यासमोर उभी होती, काही माझ्या जन्माआधीपासून दूरदेशी काम करत होती. सगळं श्रेय चमत्काराला दिलं की ती माणसं दिसेनाशी होतात, आणि तू स्वतः केलेले कष्टही.

मला तिसावा आठवडा लागला होता. पूर्ण दिवस म्हणजे चाळीस आठवडे, आणि सदतीस भरायच्या आत आलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात. त्या दुपारी पोट ठरावीक वेळाने कडक व्हायला लागलं, कंबर भरून आली. तपासल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवीचं तोंड उघडायला लागलंय." कळा लांबवायचं औषध सुरू झालं आणि माझ्या मांडीत एक इंजेक्शन दिलं, बीटामेथासोन नावाच्या स्टेरॉइडचं. दुसरं बरोबर चोवीस तासांनी द्यायचं होतं. त्या म्हणाल्या, "हे तुमच्यासाठी नाही, बाळाच्या फुफ्फुसांसाठी आहे. दुसरा डोस होईपर्यंत आपल्याला वेळ मिळाला पाहिजे."

म्हणून मी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडून होते. कूस बदलायचीही भीती वाटत होती. दुसरं इंजेक्शन मिळालं, आणि त्यानंतर काही तासांनी तू आलीस. तेवढा वेळ तू थांबलीस, याचं मला आजही फार वाटतं.

ते इंजेक्शन काय होतं, हे मी नंतर वाचलं. तू घरी आल्यावर मी हाताला लागेल ते वाचत सुटले होते. आपल्या फुफ्फुसांतल्या हवेच्या बारीक बारीक पिशव्यांना आतून एक पातळ थर असतो, सर्फॅक्टंटचा. तो नसेल तर श्वास सोडला की त्या पिशव्या ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारख्या चिकटून बसतात आणि प्रत्येक श्वासाला त्या नव्याने उघडाव्या लागतात. एवढंसं बाळ त्यातच दमून जातं. हा थर पुरेसा तयार व्हायला साधारण चौतीस-पस्तीस आठवडे लागतात; तो लवकर तयार व्हावा म्हणून ते इंजेक्शन होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुफ्फुसं नेमकी यासाठी अडतात, हे मेरी एलन एव्हरी या अमेरिकन डॉक्टरांनी १९५९ साली दाखवून दिलं. पण कारण कळलं म्हणून इलाज लगेच सापडत नाही. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी. वजन दोन किलोच्या वर. तू होतीस १,२४० ग्रॅम. तो दोन दिवसही जगला नाही. जगातली सगळ्यात ताकदवान खुर्ची, हवे ते डॉक्टर, आणि तरी त्याच्या फुफ्फुसांसाठी कोणाकडे काही नव्हतं. हे वाचलं तेव्हा तू माझ्या मांडीवर झोपली होतीस आणि मी तुझं पोट वरखाली होताना बघत राहिले.

त्याच दशकात न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते. त्यांना शोधायचं होतं वेगळंच, प्रसूतीच्या कळा कशाने सुरू होतात ते. स्टेरॉइड दिल्यावर कोकरं फार आधी जन्मायची. इतक्या लवकर आलेल्या कोकरांना श्वास घेता येणं अपेक्षितच नव्हतं, आणि ती श्वास घेताना दिसली. लिगिन्स तिथे थांबले, आणि मूळ प्रश्न बाजूला ठेवून या कोकरांमागे लागले, म्हणून पुढचं घडलं. त्यांनी आणि रॉस हाउई यांनी गरोदर बायकांना हे औषध देऊन पाहिलं आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तरीही ते सगळीकडे रुळायला पुढे वीसेक वर्षं गेली. मध्यंतरीच्या आयांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

जन्मल्यावर तू बारीक, तुटक रडलीस. मला तुझा एक पाय दिसला, आणि पाठीवरची लव. लगेच तुला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नेलं. दुसऱ्या दिवशी व्हीलचेअरवरून मला तुला उबेत ठेवलेल्या काचेच्या पेटीपाशी नेलं तेव्हा पहिल्यांदा कानावर आला तो बुडबुड्यांचा आवाज. तुझ्या नाकात दोन छोट्या नळ्या होत्या आणि त्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं होतं. टोक जितकं सेंटिमीटर खोल, तितका हवेचा दाब, आणि त्या दाबाने तुझी फुफ्फुसं मिटायची नाहीत. सिस्टरनी मला सांगून ठेवलं होतं, "बुडबुडे चालू आहेत ना, एवढंच बघा." मी तेच बघत असे.

आणि तुझा श्वास मध्येच थांबायचा. आजार म्हणून नव्हे. श्वास घ्यायची आठवण करून देणारा मेंदूतला भाग अजून पिकला नव्हता. मॉनिटर वाजायचा, आकडा खाली यायचा, आणि रात्रपाळीच्या सिस्टर शांतपणे येऊन तुझ्या तळव्यावर बोटाने टिचकी मारायच्या. तू दचकून पुन्हा श्वास घ्यायचीस. मग त्या वहीत वेळ लिहायच्या आणि पुढच्या पेटीकडे जायच्या. त्यासाठी तुला औषध म्हणून कॅफिन देत होते, चहाकॉफीत असतं तेच. पण औषध असलं तरी टिचकी मारायला माणूस जागं लागतं, आणि ते रात्रभर जागं होतं.

मॉनिटरवरच्या ऑक्सिजनच्या आकड्यावरून मी एकदा सिस्टरना विचारलं, "शंभर का नाही ठेवत? जास्त चांगलं नाही का?" त्यांनी थांबून नीट समजावलं. १९४० च्या दशकात आणि त्यापुढेही काही वर्षं पेटीतल्या बाळांना सढळ हाताने ऑक्सिजन दिला जाई. त्यात हजारो मुलांची दृष्टी गेली. डोळ्याच्या पडद्यावरच्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्यांना जास्त ऑक्सिजन बाधतो, हे पन्नासच्या दशकात सिद्ध झालं. म्हणून तुझा आकडा मोजून मापून ठेवला होता, आणि म्हणून महिनाभराने डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुझा पडदा तपासला. तुला त्याचा फार त्रास झाला, मला बाहेर तुझं रडणं ऐकू येत होतं. आज तू बारीक अक्षरं वाचतेस ती त्या मुलांनी मोजलेल्या किमतीवर.

दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं, हे तिन्ही एकत्र जमायला बाळाला साधारण चौतिसावा आठवडा उजाडतो. त्यामुळे माझं दूध नळीतून थेट तुझ्या पोटात जायचं. पहिल्या दिवसांत चीक निघायचा तो इतका थोडा, की मला वाटीत टाकायचीही लाज वाटे. सिस्टर सिरिंजने थेंब न् थेंब गोळा करत. "हे सोन्याहून मोलाचं आहे," म्हणत, आणि तेवढ्यातलं एक मिलिलिटर तुला जायचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आतड्याला एक वाईट आजार होऊ शकतो आणि आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो, हे कळल्यावर मी रात्रीसुद्धा गजर लावून दूध काढू लागले. त्या दिवसांत तुझ्यासाठी मला करता येण्यासारखं तेवढंच एक काम होतं.

मग तू जरा स्थिरावलीस आणि तुला माझ्या छातीवर ठेवलं. अंगावर फक्त लंगोट आणि टोपी, नळ्यांसकट, कातडीला कातडी लावून. कांगारू पद्धत म्हणतात तिला. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली पेट्या कमी पडत होत्या, एका पेटीत दोन-दोन बाळं, त्यांना जंतुसंसर्ग व्हायचा. तेव्हा एडगर रे या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. गरजेपोटी सुरू झालेली ही गोष्ट आता उत्तम उपचार मानली जाते. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते की जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर सुरू करा, दिवसाला किमान आठ तास. तुझ्या वेळी बाळ स्थिर होईपर्यंत वाट बघायचे. तू छातीवर आलीस आणि मॉनिटरवरची रेघ सरळ चालायला लागली, श्वास चुकेना. बाबाही शर्टाची बटणं काढून बसायचे. पहिल्या वेळी तासभर त्यांनी हात हलवला नाही, मुंग्या आल्या तरी.

घरी आल्यावरचं फार लिहीत नाही. 'अजून बसत नाही?', 'अजून चालत नाही?' असं विचारणाऱ्यांना मी तुझं सुधारित वय सांगायचे, ठरलेल्या तारखेपासून मोजलेलं. दोन वर्षांपर्यंत तसंच मोजतात. त्या हिशेबात तू कशातच मागे नव्हतीस.

लवकर का आलीस, याचं उत्तर फाइलमध्येही नाही. डॉक्टरांनी शोधलं, सापडलं नाही. पुष्कळदा सापडतच नाही. जगात दर दहा बाळांमागे साधारण एक असं येतं. तुझ्यामुळे मला त्रास झाला, असं तू एकदा म्हणाली होतीस. ते डोक्यातून काढ. आणि माझं काही चुकलं असेल का, हेही मनात आणू नकोस. मी आणत नाही.

आता कामाचं. कुठल्याही नव्या डॉक्टरांकडे गेलीस की आपला जन्म तिसाव्या आठवड्यातला, १,२४० ग्रॅमचा, हे न विचारता सांग. बहुतेक जण मोठ्या माणसाला हे विचारत नाहीत. लवकर जन्मलेल्यांचा रक्तदाब मोठेपणी सरासरीने थोडा जास्त असतो, तेव्हा वर्षातून एकदा तपासून घे. फुफ्फुसांची क्षमताही थोडी कमी असू शकते, म्हणून कोणी शेजारी सिगरेट ओढत असेल तर संकोच न करता उठून जा. फाइलच्या दोन झेरॉक्स काढल्या आहेत, एक तुझ्या खोलीवर ठेव. डिस्चार्ज कार्डावर मागच्या बाजूला त्या रात्रपाळीच्या सिस्टरांचं नाव मी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. पुसट झालंय, पण वाचता येतं.

तुझी,
आई